एकाच आरातले रोडगे

मी मूळचा तळेगावचा, श्यामजी पंताच्या तळेगावचा. आजा शेतकरी, बाप शेतकरी, अन् मीही तेच झालो असतो, पन काय सांगू तुमाले, नांगर धरला का बैलं इकडं अन् मी तिकडं, माह्या हातचं नांगराचं तास, म्हनजे रेघ, कधी सरळ गेलीच नाई. एक दिवस बाप बांधावर उभा राहून पाहून राह्यला होता, म्हने, बावा, तू गुरुजीच होय, तिथं वाकडं गेलं त पुसता तरी येते. तवापासून पुसूनच राह्यलो.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचा काळ असन. नोकरी लागली ती हिंगणीच्या पुढं, जंगलाच्या कडेच्या एका लहान गावात. एक खोली, चार वर्ग अन् मी एकटा. अलीकडं गाव, मधात नाला, पलीकडं बौद्ध वस्ती, अन् शाळा बरोबर नाल्याच्या काठावर. मी सोताले लय सुधारक समजत होतो, भाषनं देत होतो, पन प्याच्या पान्याचा तांब्या मात्र वेगळा, खिडकीत झाकून ठेवलेला. पोट्टे पाहत होते. माह्या मूर्खपनाची यादी त्या तांब्यापासून सुरू होते, लिहून घ्या.

त्या उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली. बाया गावच्या विहिरीवर गेल्या अन् भांडन पेटलं, दोघा-तिघाईची डोकी फुटली, पोलीस आले. पोलीस गेले, भांडन राह्यलं. शाळा उघडली त गावातलं एकही पोट्टं आलं नाई. दौलतराव म्हनून गावातले मोठे शेतकरी, त्याईनं ठरवलं का आपले लेकरं त्याईच्या लेकराईसंग बसनार नाई. देवळाच्या पारावर एका नववी नापास पोराले बसवून वेगळी शाळा सुरू केली. अन् मले कसं वाटलं म्हनता? खरं सांगू, बरं वाटलं! अर्धा वर्ग कमी, दुपारची डुलकी जास्त. हजेरीत मात्र साऱ्याईले हजर लावत होतो, उगाच वर कोनाले कळवा, कोन चौकशीले येईन, कोन भानगडीत पडते.

ते पकडलं कौसल्याबाईनं. वस्तीतली बाई, नवरा वारलेला, मजुरीले जाय अन् पोरगी वंदना चौथीत, वर्गात पहिली. एक दिवस निंदनाचा विळा हातात घेऊनच दारात उभी राह्यली, म्हने, गुरुजी, जे येत नाई ते हजर, मंग जे येते ते कोन? मी म्हटलं, बाई, होईन सारं ठीक हळूहळू. ती म्हने, हळूहळू? माही पोरगी पुढच्या जूनले पाचवीत जाते, पाचवी हिंगणीले, वाट जंगलातली, अन् आतापर्यंत गावचे अन् वस्तीचे पोट्टे घोळक्यानं जात होते. आता बोलतच नाईत त माही एकटी कशी जाईन? तुमी जान का पोचवाले?

ती गेली. त्या दिवशी डुलकी लागली नाई. वाटलं, हिची पोरगी घरी बसली त ते माह्या डुलकीचं पाप.

मंग मी दौलतरावाकडं जाऊ लागलो. पहिल्यांदा गेलो त म्हने, मास्तर, चहा घ्या अन् जा. दुसऱ्यांदा चहाही नाई. तिसऱ्यांदा कुत्रं सोडलं, म्हनजे ते सुटलं, असं ते म्हनत. मी चौथ्यांदा गेलो, पाचव्यांदा गेलो, कुत्रं ओळखाले लागलं. थंडी पडली होती, वांगे निंगाले होते, म्हटलं, आबाजी, शिकू नका देऊ, खाऊ त द्या, शाळेत पोट्ट्याईसाठी रोडग्याचं जेवन करू. त्याईनं मिशी ओढली. मंग म्हने, कनीक वेगळी, भाजी वेगळी, रोडगे भाजाचा गोवऱ्याचा आर वेगळा, पंगत वेगळी. मी म्हटलं, कबूल. साऱ्याले कबूल म्हटलं मी, लाचार मानूस, मले वाटलं एका मैदानात आले तरी खूप झालं.

कौसल्याबाई म्हने, वेगळंच खाचं त आमी घरीच खातो ना. मी हात जोडले. म्हने, येतो, पन पोरीच्या वाटेसाठी येतो, तुमच्या भाजीसाठी नाई.

रविवारी दोन्हीकडचे लेकरं मूठ-मूठ कनीक घेऊन आले, मागून बाया-मानसंही, दौलतरावासकट. दोन पराती, वांग्याच्या भाजीचे दोन गंज-पातेले. आता आर. मैदानात वारा लय, आडोसा फक्त शाळेच्या भिंतीचा, म्हनून म्या दोन्ही आर तिथंच लावले, मधात दोन हाताचं अंतर. तुमाले रोडग्याचं मालूम असन, गोवऱ्या धगधगून बसल्या का निखाऱ्यात गोळे पुराचे अन् वरून राख ओढाची. पुरले. तेवढ्यात वारा फिरला, जाळ भिंतीवर चढला, छपराचे वासे तिथं हातभर वर! मी घाबरलो, फावडं घेतलं अन् दोन्ही आर ओढले मधात, वर मातीराख टाकली, जाळ दबला. असा खुश झालो म्हनून सांगू! कंबरेवर हात ठेवून उभा. अन् पाहतो त सारे लोक माह्याकडं पाहून राह्यले.

दोन आराचा एक झाला होता. रोडगे काढले त सारे सारखेच, गोल अन् राखेनं माखलेले. कोनता गावचा, कोनता वस्तीचा, ब्रह्मदेवालेही ओळखू येनार नाई.

दौलतराव म्हने, मास्तर, फेका सारे. जलमात पहिल्यांदा माही मान आडवी हालली. मी म्हटलं, नाई फेकत. लेकराईच्या मुठीची कनीक हाय आबाजी, मले फेका पाहिजे त, पन हे नाई. कौसल्याबाई पुढं आली, म्हने, खा म्हनून तुमाले कोन आग्रह करून राह्यलं? आमालेच इचार पडला हाय, तुमच्यावाल्याईनं हात धुतले होते का नाई, कोनाले मालूम? बाया फिसकन हासल्या, दोन्हीकडच्या.

दौलतराव काई बोलनार तेवढ्यात त्याईची नात मीना दिसली, वंदनाच्याच वर्गातली. गाल फुगलेले, ओठ राखेनं काळे. वंदनानं रोडगा फोडला होता अन् अर्धा हिच्या हातात. म्हातारा वरडला, कोनाचा खाल्ला व? ती पोट्टी म्हने, आबाजी, गरम व्हता.

मंग कोन कोनाले अडवते? लेकरं तुटून पडले. दौलतराव उठून गेले. सोमवारी आठ लेकरं आले, मंगळवारी अकरा. मीना साऱ्याईच्या शेवटी, पंधरा दिवसानं, पारावर ती एकटीच उरली तवा. तिचा हात धरून दौलतरावच आले, अन् मले म्हने, मास्तर, पान्याचा तांब्या तुमचा अजून वेगळाच दिसते. असं तोंडात मारलं म्हाताऱ्यानं! त्याच दिवशी तो तांब्या घरी नेला अन् पोट्ट्याईच्या माठातलं पानी पेलो. जूनमंधी हिंगणीच्या वाटेनं घोळका निंगाला, त्यात वंदना अन् मीना. कौसल्याबाई नाल्यापर्यंत गेली अन् वापस आली. मी शाळेच्या दारातून पाहत होतो.

विहिरीचं भांडन मिटलं नाई, ते चांगलं आठ-दहा वर्षं चाललं, खोटं काऊन सांगू. पन शाळा एकच राह्यली.

आता मी रिटायर. वंदना सेलूले नर्स हाय, माहं बीपी पाहाले येते अन् मीठ खाल्लं म्हनून रागावते. निरोपाच्या दिवशी साऱ्याईनं माह्या युक्तीचं लय कौतुक केलं, गुरुजीनं आर एक केला म्हने. मी उभा राहून सांगितलं का बावाहो, युक्ती नोहे, घाबरलो होतो. कोनाले खरं वाटत नाई. पन एक सांगतो. पहिल्या साली चूक झाली, अन् मंग मी तिथं होतो तोवर दर थंडीत तेच फावडं घेऊन तीच चूक जानूनबुजून केली. देव करो अन् तुमच्याही हातून अशी एखादी चूक होवो. बसा, रोडगा खाऊन जाजा.