मेदक जिल्ह्याची शपथ

जनगावच्या बसस्टँडवर सिद्दिपेटच्या बसची वाट बघत होतो. बाकावर शेजारी एक म्हातारा आणि त्याची बायको, मध्ये बांबूची नवी टोपली.

“बहिणीकडं जाणार नाही अशी शपथ घेतली होती ना तुम्ही?” म्हातारी नवऱ्याला म्हणाली.

“मेदक जिल्ह्यात पाय ठेवणार नाही, अशी घेतली होती. थोरल्या भाचीच्या लग्नात मला मानाचा टॉवेलसुद्धा दिला नाही तिनं.”

“मग आज?”

“आता तिचं गाव नव्या सिद्दिपेट जिल्ह्यात गेलंय, लच्चव्वा.”

“त्याला आठ वर्षं झाली. इतके दिवस काय करत होता?”

“सरकारचा काय भरवसा? परत बदललं असतं म्हणजे? जरा मुरू दिलं.”

“मुरू दिलं म्हणे. धाकट्या भाचीला टोपलीत बसवून मांडवात न्यायला दुसरा मामा नाही, म्हणून निघालात.”

“ते आहेच. पण कायद्यात बसायला नको?”

“तुमच्या बहिणीला तो कायदा तुमच्याआधी कळलाय.”

“राजव्वाला? तिला कोण सांगणार?”

“ही पत्रिका बघा. नवरीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत काय छापलंय?”

“जिल्हा सिद्दिपेट.”

म्हाताऱ्यानं पत्रिका घडी करून टोपलीत ठेवली. मग म्हणाला, “ही बस का येईना अजून?”