अकरा मिनिटांचा बाक

ताई : काका, माझ्या वहीत पस्तीस जणांची नोंद आहे. कारंज्याच्या चौकात वॉचमन कपडे बघून बाकावरून माणसं उठवतो.

काका : पोरी, तुझं संशोधन कालचं. उद्यान खात्यात मी तीस वर्षं खुर्ची झिजवली. ते बाक मी बसवून घेतलेत. 'सर्वांसाठी खुले' ही पाटी माझ्या सहीनं लागली.

शिंपी : मग होऊन जाऊ दे पैज. उद्या माझा कामाचा शर्ट घालून बसा तिथं. अर्धा तास कुणी उठवलं नाही, तर भर चौकात तुमची पादत्राणं मी चकचकीत करीन. उठवलं, तर माझी तुम्ही.

काका : मास्तर, तुझ्या चपलेत चकचकीत करण्याजोगं उरलंय काय?

शिंपी : बूट घालून येतो की. लग्नातले आहेत.

काका : लागली पैज. पोरी, तू साक्षीदार.

ताई : मी फक्त घड्याळ लावणार. तुमच्या पोरखेळात मला ओढू नका.

शिंपी : काका, शर्टाला तिसरं बटण नाहीये हं. शिंप्याच्या शर्टाला कधीच नसतं.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, कारंज्याच्या चौकात.)

शिंपी : अकरा मिनिटं!

काका : त्यातली चार तो फोनवर बोलत होता.

ताई : म्हणून अकरा. नाहीतर सातच झाली असती.

शिंपी : काय म्हणाला हो?

काका : "बाबा, उठा." बाबा म्हणाला मला. माझ्याच वयाचा असेल लेकाचा.

ताई : पाटी दाखवलीत ना?

काका : दाखवली. म्हणाला, पाटी सगळ्यांसाठी आहे, बाक नाही.

शिंपी : आणि सही तुमची, हे?

काका : तेही सांगितलं. म्हणाला, असे साहेब रोज दोन-तीन येतात.

शिंपी : बरं, मी टेकतो बाकावर. हा कोट गिऱ्हाइकाचा आहे, संध्याकाळी द्यायचाय. घ्या ब्रश.

काका : शर्ट तरी बदलू दे.

शिंपी : छे, छे. हरलात त्याच कपड्यांत. आणि खाली बसा, वाकून कंबर धरेल.

काका : हळू बोल. समोरच्या बँकेतली माणसं बघताहेत.

शिंपी : भर चौकात म्हटल्यावर बघणारच. वॉचमनला बघा, मला सलाम ठोकून गेला. टाचेलाही मारा जरा... एका बुटाला वीस मिनिटं? खात्यात कामं अशीच चालायची का?

काका : अहो, तुम्ही कोण? बूट पुढे काय करताय, पाय मागे घ्या. मी पॉलिशवाला नाही.

शिंपी : साहेब, रांगेत या. माझा दुसरा बूट राहिलाय अजून.

ताई : काका, पुरे आता. चला घरी. तुमची नोंद मी वहीत घालत नाही.

काका : का नाही? घाल. किती वेळ झाला मला इथं?

ताई : खाली बसून? पस्तीस मिनिटं.

काका : वॉचमन तीनदा इथूनच गेला. तेही लिही, पोरी. खाली बसलं की कुणी उठवत नाही.