चहाला आलेलं वॉशिंग मशीन

— नाही नाही, बोलायचं नाही! बोललं की खेळ संपला. या घरात आलेल्यानं मुकाट बसायचं आणि कोण आहे ते मी ओळखायचं. बस ना. खुर्चीत नको, मावणार नाहीस तू, बाकावर बस, जरा तिरकं होऊन — हां, अस्सं. आणि हे काय गं बाई! वॉशिंग मशीन! अख्खं! ते गोल दार कशाचं केलंय, बादलीच्या झाकणाचं? आत मोजा चिकटवलाय — एकच! बरोबर आहे, दुसरा कधी सापडतच नाही. डोक्यावर साबणाच्या पावडरीचा खोका, हातात पिवळे रबरी हातमोजे… आलास म्हणू की आलीस, तेसुद्धा कळेना. बरं, 'आलं' म्हणते. मशीन आलं चहाला. दुपार कलल्यापासून नुसती रीघ लागलीय दारात — दोन रक्त पिणारे, एक मेलेली नर्स, आणि पलीकडच्यांची धाकटी तर इंटरनेटचा डबा होऊन आलेली, कपाळावर लुकलुकणारा दिवा, मला म्हणते, 'मावशी, मी पावसात बंद पडते.' दोन मुठी चॉकलेटं जास्त दिली तिला. पण ती सगळी पोरंटोरं. तुझ्याएवढं थोराड कोणी आता येत नाही हॅलोवीनला. आमच्या वेळी मोठी माणसंच यायची, बायकांचे झगे घालून, तोंडाला पोतं बांधून, आणि नाव घेतलं की मुखवटा काढून खो खो हसत चहा पिऊन जायची…

चहा ओतते, थांब. कप घासून ठेवलेलाच आहे. दरवर्षी ठेवते मी एक — म्हणजे — असू दे ते. आधी ओळखते. पोस्टमन? छे, तो बुटका. शाळेतल्या मास्तरीणबाई? त्यांना हसू दाबता येत नाही, एव्हाना खोका उडाला असता. उंच आहेस तू. आणि चोरट्यासारखं बसलंयस, परक्या घरात बसतात तसं… अरे! कळलं! वळणावरच्या भाड्याच्या घरातला ना तू? पोलंडहून आलेला, डेअरीत चीज बनवतोस तो? हो की नाही? — हलला! खोका हलला! म्हणजे हो. बघ, ओळखलं की नाही? फक्त तुझं नाव माझ्या जिभेला वळत नाही, आणि नाव घेतल्याशिवाय मुखवटा उतरवायचा नाही, हाही नियमच. तेव्हा राहू दे तुझा खोका. बरं झालं तू निघालास बाबा. मघाशी दार उघडलं तेव्हा मी लगेच बाजूला झाले नाही. दिसलं का तुला? चौकट धरून उभी होते. यंदा कोणी यायचं नव्हतं ना.

तुला काय ठाऊक असणार म्हणा, तू नवीन. ब्रॅक खा ना, हा गोड पाव, मनुका घालून मीच केलाय — आमच्याकडे याच दिवशी करतात. तर माझा मुलगा होता, फर्गल. असली सोंगं काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तो आणि पॉरिक, दोघं. पॉरिक म्हणजे डिम्पनाचा मुलगा, डिम्पना माझी मैत्रीण, लहानपणापासूनची, फर्गलच्या बाप्तिस्म्याला त्याला हातात धरून उभी राहिलेली तीच — तर तिच्या गोठ्यात ही दोघं सप्टेंबरपासून खुडबुडत असायची. खोके, रंग, डिंक, काय काय. एकदा फर्गल फ्रिज झाला, दार उघडलं की आत दिवा लागायचा आणि त्याचं तोंड दुधाच्या बाटलीशेजारी. एकदा चर्चमधलं पापं कबूल करायचं कपाट झाला, खांद्यावर पडदा टांगून पबमध्ये उभा राहिला, आणि लोकांनी रांग लावली रे! खुद्द फादर येऊन रांगेत उभे राहिले. आणि शेवटच्या वर्षी धुराडं. चुलीचं धुराडं. डोक्यापासून पायापर्यंत काळा रंग, काजळी फासलेली, वर कापसाचा धूर. मीच त्याच्या मानेला काजळी लावली मागून, 'आई, कानामागे राहिलंय,' म्हणाला. आणि घरी येताना दलदलीच्या रस्त्यानं एकटाच चालत निघाला, धुकं पडलेलं, आणि मागून व्हॅन आली. काळ्या रस्त्यावर काळा मुलगा. कसा दिसणार?

व्हॅन पॉरिकची होती. फर्गललाच घ्यायला निघालेला. प्यायलेला नव्हता, वेगातही नव्हता, कोर्टानंही म्हटलं, कोणाची चूक नाही. बरोबरच असेल. कोर्ट काय खोटं बोलेल?

पुढच्या हॅलोवीनला मी दिवाच लावला नव्हता बाहेर, तरी दार वाजलं. उघडते तर पोस्टाची हिरवी पेटी उभी, पत्रं टाकायची. माणसाच्या उंचीची. आत आली, या बाकावर बसली, तुझ्याच जागी, एक शब्द नाही. खाणं नाही, पिणं नाही. मी ताटलेली त्या कोपऱ्यात. बसली, बसली, उठून गेली. पुढच्या वर्षी गवताची गंजी. मग उभं घड्याळ. एका वर्षी घड्याळाच्या — नाही, ते दूधवाल्याचं कॅन होतं — त्याच्या खालून टपटप पाणी पडत होतं जमिनीवर. बाहेर पाऊस नव्हता. तेव्हा खात्रीच पटली, हा पॉरिक; अपघातानंतर कॅनडात निघून गेलेला, पण या रात्रीपुरता येत असणार. दुसरं कोण असली सोंगं बनवणार? आणि दुसऱ्या कोणाला माझ्यासमोर येऊन असं बसावंसं वाटणार? नाव नाही घेतलं मी. जिभेवर यायचं, गिळायचे. नाव घेतलं की मुखवटा काढणार, आणि ते तोंड मला पाहायचं नव्हतं. पण येऊ नको असंही नाही म्हटलं, हेही आहेच. वर्षभर त्याला मनातल्या मनात शिव्या घालायच्या आणि ऑक्टोबर सरायला आला की एक जादा कप घासून ठेवायचा. कोणाला सांगायचं हे? वेडी म्हणतील.

आणि या ऑगस्टमध्ये दुकानात उभी होते पावासाठी, तर दुकानवाली म्हणते, 'ऐकलंस का, अट्रॅक्टा? पॉरिक वारला. कॅनडात. कामावर होता, परांचीवरून पडला.' मी म्हटलं, बरं. ती म्हणते, 'बिचारी डिम्पना, त्या अपघातानंतर पोरगं गेलं ते गेलं, एकदासुद्धा गावात पाय ठेवला नाही त्यानं, आणि आता तिकडेच पुरलं.' एकदासुद्धा! ऐकतोयस ना? मी पाव तिथंच विसरून आले. मग माझ्या बाकावर येऊन बसायचं ते कोण?

हसू नकोस हं. रात्र रात्र जागून मी एकाच ठिकाणी येऊन थांबायचे. म्हटलं, फर्गलच. दुसरं कोणाला जमेल अशी पत्राची पेटी? बोलत नव्हता, खात नव्हता — कसा खाईल? आणि मी इतकी वर्षं त्याच्यासमोर कोपऱ्यात तोंड फिरवून बसले, दुसऱ्याच पोरावर दात खात. आज दार वाजलं तेव्हा हेच होतं डोक्यात. 'फर्गल' म्हणणारच होते. तेवढ्यात खोका हलला, तू चीजवाला निघालास… सुटले. खरंच सुटले. पण दोन क्षण वाईटही वाटलं बघ.

तू परका आहेस म्हणून सांगते. अर्धं तुला कळतही नसेल माझं बोलणं. पॉरिक गेल्याचं ऐकलं ना, त्या दिवशी मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं! घरी आले, चहा केला, रेडिओ मोठ्यानं लावला. म्हटलं, आता कळेल डिम्पनाला. आता तीही रिकाम्या बिछान्याच्या चादरी ओढत बसेल, आता तिच्याकडेही बायका केक घेऊन येतील आणि दारातून काय बोलावं न सुचून परत जातील. त्याच्या नावानं चर्चमध्ये प्रार्थना होती, सगळं गाव गेलं. घंटा वाजत होती आणि मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, एकेक, सावकाश, चिमटे लावून. तिच्या घरावरून जायचा रस्तासुद्धा सोडलाय मी, लांबून जाते. इतक्या वर्षांत एक शब्द नाही बोललो आम्ही, आणि कालपर्यंत मला वाटत होतं की आता आमची फिटंफाट झाली, पण —

खा ना रे. नुसता हातात धरून बसलायस. हातमोजा काढ, रबराला चिकटतोय ब्रॅक. हां. — मनुका कशाला काढतोयस? आवडत नाहीत? ठेव बशीत, काही नाही, आमच्याकडेही एक होती अशी, शाळेत डबा उघडला की आधी मनुका वेचून काढायची, काठाकाठानं लावून ठेवायची, एकीला एक चिकटून, अगदी…

हात दाखव.

हात दाखव तुझा. इकडे, उजेडात.

डिम्पना.

तू. सगळी वर्षं तूच? पत्राची पेटी तू? ती गंजी — आणि ते कॅन, आत तू रडत होतीस? माझ्या पोराच्या रंगांनी रंगवायचीस, तुझ्या गोठ्यात बसून, एकटी? आणि आज मी चीजवाला म्हटलं तेव्हा मान का हलवलीस? का हलवलीस तू! मी बोलले नसते. एक अक्षर बोलले नसते. ते तुला सांगायचं नव्हतं, कोणालाच सांगायचं नव्हतं —

नको, खोका काढू नकोस. नाव घेतलं मी, ठाऊक आहे, तरी नको काढूस. मला नाही बघवणार आत्ता. आणि खोटं होतं म्हणून सांगू का? खोटं नव्हतं, डिम्पना. त्या दिवशी खरंच होतं ते. आता ते गिळता येत नाही मला.

उठलीस? थांब. अगं थांब, अडकलीस ना दारात. ढकलू नकोस, फाटेल. आत येताना तिरकी आली होतीस तू. मी धरते कोपरा. वळ. माझ्याकडे नाही, भिंतीकडे वळ… ते झाकण धर, निखळतंय. सावकाश. पायरी आहे पुढे, आणखी एक आहे, हां.

ऐक. कॅनडाहून त्याचं सामान यायचं असेल, नाहीतर आलं असेल. त्यातलं काही धुवू नकोस. सदरा नाही, टॉवेल नाही, काही नाही. मी फर्गलचं सगळं दुसऱ्याच दिवशी धुतलं, काजळी लागलेली म्हणून. मग कपाट उघडून वास घ्यायला गेले तर नुसता साबण.

ही टॉर्च घे. घे म्हणते ना! कडेकडेनं जा, आणि लावूनच ठेव, घरी पोचेपर्यंत. सकाळी परत आणून द्यायची असेल तर खोक्याशिवाय आण. नसेल आणवत तर ठेव तुझ्याकडेच. जा आता. फाटकात पोरं आलीत.