गंधकाचा धूर

मंगळवार पेठेतल्या छातीच्या दवाखान्यात स्नेहल नंबरची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर साखर कारखान्यातून निवृत्त झालेले केरबा आणि त्यांची बायको हौसाबाई बोलत होते.

"आत गेल्यावर डॉक्टरला धुराचं सांगा."

"कसला धूर?"

"गंधकाचा. जलम गेला की भट्टीवर."

"अगं, उसाचा रस गढूळ असतोय. त्यात चुना घालायचा, गंधकाचा धूर सोडायचा. मग मळ खाली बसतोय. वरचा निवळ रस आटवला की साखर. धुराबिगर पांढरी हुईल व्हय?"

"साखर झाली पांढरी. तुमच्या छातीचं काय झालं?"

केरबांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत हौसाबाई त्यांची पाठ चोळत राहिल्या.

"सांगितलं तर काय बिघडंल?"

"डॉक्टर कागदावर लिवंल, मग आपल्या पोराला, ऋतुराजला कळंल. माज्याच जागेवर लागलाय त्यो. नोकरी सोडून घरात बसंल. मग?"

तेवढ्यात केरबांचा नंबर आला. दारातच नर्सनं विचारलं,

"बाबा, काम काय करत होता?"

"शेती."

"धुराबिराचं काम?"

"न्हाय."

केरबा एकटेच आत गेले आणि दार लागलं. हौसाबाई जरा वेळ त्या दाराकडं बघत राहिल्या. मग पिशवीतून फोन काढून त्यांनी तो स्नेहलपुढं धरला.

"बाई, ऋतुराजचा नंबर लावून दे."

स्नेहलनं लावून दिला.

"ऋतुराज, आज पाळीला जाऊ नगंस. आदी दवाखान्यात ये. तुजा बा आत खोटं बोलतोय."