उलट्या लवेचे दोन पट्टे

नाव विचारले. सगळे मला आजी म्हणतात. कागदावरचे नाव मुलाच्या फिर्यादीत त्याच्या आईचे म्हणून आलेलेच आहे, तिथून उतरवून घ्यावे. वय पंचाहत्तरच्या पुढे. किती पुढे, ते सांगू शकणारे कोणी आता उरले नाही. धंदा काजे, तुरपाई आणि हातशिलाई. राहणार मुलाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिना चढल्यावर उजव्या हाताची खोली. अक्षरओळख नाही.

मी आज शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता, कोणी न बोलावता, स्वतःच्या पायांनी चालत पोलीस ठाण्यात आले आणि सांगते ते असे.

माझ्या थोरल्या मुलाचा पडदे शिवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचे इतकेच. पाच मशिनी, एक लांब टेबल आणि दाराशी इस्त्रीवाला. कापड कापायचे काम अकरा वर्षे एकच माणूस करतो. त्याला सगळे मास्तर म्हणतात. तो काल दुपारपासून इथे बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलेला आहे. मी आत येताना त्याने उठून मला जागा दिली. हे नोंदवण्यासारखे नाही असे लिहून घेणारे साहेब म्हणाले. मी म्हटले, नोंदवा.

माझ्या मुलाची फिर्याद अशी आहे की, एका सभागृहाच्या रंगमंचाचा मखमली पडदा आम्ही शिवला, त्यात चौदा पट्टे होते, पैकी दोन पट्टे मास्तरने चोरले आणि त्यांच्या जागी हलके कापड घातले. सदर फिर्याद खोटी आहे. 'सदर' हा शब्द साहेबांचा, 'खोटी' हा माझा.

मखमलीबद्दल थोडे सांगावे लागेल. मखमलीला लव असते, मांजराच्या पाठीला असते तशी. एका बाजूने हात फिरवला तर मऊ लागते, उलट फिरवला तर अडते. पडदा टांगताना सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला हवी. एखादा पट्टा उलटा लागला तर कापड तेच, रंग तोच, पण दिव्याखाली तो धुऊन विटल्यासारखा दिसतो. हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. माझ्या मुलाला मीच शिकवले होते, म्हणजे दोष थोडा माझाही आहे.

खडूची खूण मखमलीवर टिकत नाही, आणि टिकली तरी मला आकडे वाचता येत नाहीत. म्हणून मास्तरने फार वर्षांपूर्वी स्वतःच एक रीत पाडली. प्रत्येक पट्टा कापला की वरच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके घालायचा. टाके दिसले की ते टोक वर. मला विचारावे लागत नसे आणि त्याला सांगावे लागत नसे.

या पडद्याचे चौदा पट्टे मास्तरने सोमवारी आणि मंगळवारी कापले. बुधवारी दुपारपर्यंत बारा जोडून झाले. एक वाजता तो बायकोच्या पायाचे प्लास्टर काढायला दवाखान्यात गेला. जाताना म्हणाला, "आजी, दोन राहिलेत, टाके बघून जोडायला सांगा." दीड वाजता मुलगा आला. सभागृहाचे व्यवस्थापक अडीचला माल बघायला येणार होते. लाल मखमलीवर पांढरे टाके पाहून मुलगा म्हणाला की हे गबाळे दिसते, सगळे काढून टाक. मी म्हटले, ती खूण आहे. तो म्हणाला, "आई, आता मला धंदा शिकवू नकोस."

टाके मी काढले. हे माझ्या नावावर स्पष्ट लिहावे. तोंडाने नको म्हटले आणि हाताने काढले.

उरलेले दोन पट्टे तीन ते चार या वेळात मुलाने स्वतः मशीनवर जोडले. तो मशीनवर वर्षातून दोनदा बसतो, आणि दोन्ही वेळा कोणीतरी बघत असते. त्या दिवशी व्यवस्थापक बघत होते.

गुरुवारी सकाळी पडदा सभागृहात लागला. मी तिथे नव्हते. इस्त्रीवाला होता, त्याने येऊन सांगितले ते सांगते. दिवे लावल्यावर मधले दोन पट्टे पांढरट दिसले. व्यवस्थापक म्हणाले, हे कापड वेगळे आहे. माझा मुलगा पडद्याजवळसुद्धा गेला नाही. उभ्या जागी म्हणाला, "कटिंगवाला त्यांच्यातला आहे, मला आधीच शंका होती." अकरा वर्षे शंका होती आणि कारखान्याची किल्ली मात्र त्याच्याकडेच होती. मास्तरने पट्ट्यावर हात फिरवला आणि सांगितले की लव उलटी लागली आहे. त्यावर व्यवस्थापक म्हणाले, हे लोक बोलण्यात हुशार असतात. तो गप्प राहिला असता तर हे लोक आतल्या गाठीचे असतात, असे म्हटले असते. पुढचे ठाण्याला माहीत आहे.

ही बातमी सांगून झाल्यावर इस्त्रीवाल्याने आपलीही भर घातली. त्यांच्यातल्या एकाने त्याच्या मेव्हण्याची सायकल पळवली होती म्हणे. मी विचारले, सापडला का? नाही सापडला. कोणी पाहिला होता का? नाही. मग तो त्यांच्यातला होता हे कसे कळले? म्हणाला, "आजी, नेण्याची पद्धत." मी जिना चढून वर गेले. त्याच्या हातात गरम इस्त्री होती.

माझ्या सुनेने काल इथे सांगितले की मास्तर आमच्यात मिसळत नाही, चहासुद्धा वेगळा बसून पितो. ते खरे आहे. त्याचा पेला पहिल्या दिवसापासून सूनबाईनेच वेगळा ठेवला आहे, खिडकीतल्या खिळ्याला, कानाला सुतळी बांधून. पेला खिडकीत, म्हणून माणूस खिडकीत. अकरा वर्षांत हे माझ्याही डोळ्यांसमोर होते आणि मीही त्या पेल्यात चहा ओतला आहे.

आता आमच्या लोकांचेही लिहून घ्या. माझा धाकटा दीर याच कारखान्यातली मशीन एका दुपारी हातगाडीवर घालून घेऊन गेला तो आजतागायत परतला नाही. तेव्हा घरात, गल्लीत, नात्यात सगळे म्हणाले की तो लहानपणापासून तसाच होता. तो एकटा. आमच्यातले सगळेच तसे, असे एकही तोंड म्हणाले नाही. आमच्यातला चोर एकटा असतो, त्यांच्यातला म्हटले की गावभर पसरतो. हे गणित मी न शिकल्यामुळे मला समजत नसेल. मुलगा शिकलेला आहे, त्याला विचारावे.

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता पडदा परत आला. मी खाली जाऊन दोन्ही पट्ट्यांवर हात फिरवला. लव खाली जात होती, बाकी बारांची वर. पडद्याचे कापड ज्या गठ्ठ्यातून कापले त्याच्या एका किनारीत हिरवा दोरा विणलेला होता. तो या दोन्ही पट्ट्यांतही होता, फक्त बाकीच्यांच्या उलट्या बाजूला. मी मुलाला हाक मारली, त्याचा हात धरला आणि पट्ट्यावरून वर-खाली फिरवला, तो पाच वर्षांचा असताना फिरवला होता तसाच. त्याला कळले. कळले हे मला त्याच्या बोटांवरून कळले. ती मधेच थांबली.

मी म्हटले, आत्ताच्या आत्ता ठाण्यात जा आणि सोडवून आण.

तो म्हणाला, "आई, आता फिर्याद मागे घेतली तर माझी काय अब्रू राहील?"

"आणि त्याची?"

"त्यांना सवय असते."

हे वाक्य साहेबांनी दोनदा विचारून लिहून घेतले आहे. माझ्याच मुलाचे आहे. नंतर तो जेवायला गेला. मी गेले नाही.

आज सकाळी मी उलट्या लागलेल्या एका पट्ट्याच्या दुमडीतून बोटभर तुकडा कातरला, गठ्ठ्यातल्या उरलेल्या कापडाचा तसाच तुकडा घेतला आणि दोन्ही इथे आणले. कातरल्याने पडद्याचे नुकसान झाले असेल तर ते माझ्यावर लावावे. दोन्ही तुकड्यांच्या किनारीत हिरवा दोरा आहे. साहेबांनी ते टेबलावर ठेवून स्वतः हात फिरवला. आधी दोन रंग दिसले. मग मी एक तुकडा फिरवून ठेवला, तेव्हा रंग एक झाला. साहेबांनी खुर्ची पुढे ओढून पुन्हा पाहिले आणि बाहेर बाकाकडे एकदा पाहिले. तुकडे पाकिटात घालून जबाबासोबत जोडले आहेत.

इथपर्यंत झाल्यावर साहेबांनी जबाब वाचून दाखवला. मास्तरचा उल्लेख पहिल्यांदा येतो तिथे त्याचा धर्म लिहिलेला होता. मी तो सांगितला नव्हता. साहेब म्हणाले, फिर्यादीत आहे म्हणून घेतला, पद्धत असते. मी म्हटले, "मग माझ्या मुलाच्या पुढेही लिहा. खोटी फिर्याद देणारा, अमुक धर्माचा. लिहायचा तर दोघांचा लिहा." साहेबांनी मास्तरच्या पुढचा शब्द खोडला आणि खोडाखोडीवर सही केली. मुलाच्या पुढे काही लिहिले नाही. खोडलेले मला वाचता येत नाही, पण काळे केलेले दिसते.

एक गोष्ट राहिली, ती माझ्याबद्दल आहे. मास्तर नवा होता तेव्हा शेजारीण काम बघायला आली होती. मी तिला कौतुकाने म्हटले, "हा त्यांच्यातला वाटतच नाही हो." तो टेबलापाशी कापत होता. कात्री न थांबवता त्याने विचारले, "आजी, त्यांच्यातले कसे असतात?" मी म्हटले, असतात तसले. पुढे त्याने कधी विचारले नाही आणि मी तेच कौतुक दहा-बारा ठिकाणी सांगितले. कसे असतात ते मला तेव्हा माहीत नव्हते, आजही नाही. त्यांच्यातला मी जन्मात एकच ओळखते. एकावरून सगळे ठरवायचे असतील तर ते सगळे सरळ कापतात, टाके घालून खूण ठेवतात आणि म्हातारीला बाकावर जागा देतात. तसेही मी ठरवणार नाही. त्यांच्यातही माझ्या दिरासारखा कोणी असेलच.

फिर्याद मागे घ्यायची की नाही ते माझा मुलगा ठरवील. मास्तरला सोडेपर्यंत मी बाहेर त्याच्या शेजारी बसणार आहे. दुपारचे औषध पिशवीत आहे. माझ्या हातातले मी करते. अकरा वर्षांपूर्वी केलेले ते कौतुक मी मागे घेते. ते दहा-बारा ठिकाणी सांगितले होते, मागे घेतलेले निदान एका ठिकाणी लिहिलेले असावे.

साहेबांनी हे सगळे दुसऱ्यांदा मोठ्याने वाचले, दार उघडे ठेवून, मी सांगितले म्हणून, बाकापर्यंत ऐकू जाईल असे. मी सांगितले तसेच उतरले आहे. खाली डाव्या हाताचा अंगठा माझा.