सासूबाईंचा टायमिंग बेल्ट

— नाही हो मिस्त्री, किंचाळायचा तो बाहेरचा पट्टा, तो बदलून झाला मागेच. मी आतल्याबद्दल बोलतेय, टायमिंगच्या. ह्यांच्या ऑफिसातून फोन आला ना, त्या दिवशी सकाळीसुद्धा आमचा वाद ह्याच पट्ट्यावरून. मी पडदे धुवायला काढले होते, हे दारात बूट घालत म्हणाले, रविवारी नक्की बदलून आणतो. मी म्हटलं, कुठल्या रविवारी? तर नुसते हसले. दुपारी टेबलाशी बसल्या बसल्याच — छाती. गाडीचा काही दोष नाही हं, ती बिचारी अंगणात उभी होती. चालू द्या तुमचं काम, मी बोलते नुसती.

तर पट्टा घरात होता. आहे. हा बघा, पिशवीत. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, साठ हजार किलोमीटर नाहीतर पाच वर्षं, जे आधी होईल ते — हे म्हणायचे, दोन्ही होऊ दे, मग बघू. शेवटी मी मागे लागले म्हणून विकत आणला, दिवाणावर ठेवला आणि गेले हात धुवायला. तेवढ्यात सासूबाई. आता काळं, गोल, आतून दात असलेलं — त्यांना काय कळणार? त्यांनी तो उलटा केला, दात बाहेर, दोन्ही हातांत ताणून धरला आणि फिरवला की पाठीवर. काय चेहरा झाला म्हणून सांगू. मी लग्न होऊन आल्यापासून ह्या घरात आलेली कुठलीच वस्तू त्यांना पसंत पडली नव्हती — मी धरून — हा पट्टा पडला. 'अगं, एवढी छान खाजवणी कुठे मिळाली ह्याला?' हे हात पुसत बाहेर आले, बघितलं. मी खुणा करतेय, इंजिनाचं काय? तर मला म्हणे, इंजिनाला पाठ नसते.

दुसरा का नाही आणला? आणला की. तो सासूबाईंनी शेजारच्या काकूंना वाढदिवसाला दिला. तिसरा आणायची हिंमत ह्यांना झाली नाही आणि आईकडून परत मागायची तर त्याहून नाही. गेले रविवार.

आता गाडी मलाच चालवायचीय. परवा तुम्ही म्हणालात, आतला पट्टा कुरकुरत नाही, सांगत नाही, चालता चालता तुटतो आणि इंजिनाची वाट लावतो — तेव्हाच ठरवलं, ह्यांनी आणलेलाच बसवायचा. एवढं एक काम त्यांचं पुरं करायचं. आज सासूबाई आंघोळीला गेल्या आणि मी उचलला. चोरलाच म्हणा ना, ह्या वयात.

काय? दात झिजलेत? पाठीवर? — अहो, तशी पाठ आहेच त्यांची. आणि हे काय, तडे? वाकवल्यावर दिसतात, हो, दिसले. रबर पडून पडूनही म्हातारं होतं, बरोबर आहे. पण थोडे दिवस तरी चालेल? तुमच्या बहिणीच्या गाडीत बसवाल का? — नाही ना. मग झालं. नवाच घाला. नाही, रडत नाहीये, तुमच्या त्या पेट्रोलचा वास.

खरं तर आता त्यांचा हात पोचत नाही पाठीमागे. मीच फिरवते. ह्यांच्याबद्दल आम्ही दोघी बोलत नाही. 'डावीकडे', 'जरा वर', एवढंच. मग त्यांना झोप लागते, मग मला —

थांबा, घरचाच फोन. — हो आई. नाही, हरवला नाही. माझ्याकडे आहे. धुवायला आणला होता. — कुठे म्हणजे, बाहेर. — हो, आलेच.

द्या इकडे. पुसू नका, तसाच द्या. गाडी राहू दे, किल्ली ठेवा, नवा पट्टा घालून ठेवा, मी नेईन सवडीनं. रिक्षा मिळेल मला कोपऱ्यावर. नको, सोडायला नका येऊ, तुम्ही बघा तुमचं काम.

ह्यांनी आणलेला काही बसला नाही.