दारातल्या चपला

मुक्ताबाई : मग? लाईट गेली, पुढं?

अनुपमा : पुढं काय मावशी, लाईट जाते आणि फिल्ममधली बाई घाबरते.

मुक्ताबाई : लाईट गेल्यावर? आमच्या खुटबावात? अगं, त्याला घाबरायचं म्हणलं तर आमचा निम्मा जन्म घाबरण्यातच जायचा.

सतीश : उलट लाईट आली की आमची धांदल उडती मॅडम. मोटार चालू करायला पळावं लागतंय.

अनुपमा : सतीश, तू फिल्ममधला चोर आहेस. चोरानं स्क्रिप्टवर मत द्यायचं नसतं.

सतीश : चोर उद्यापास्नं. आज अजून कुरकुंभच्या कंपनीतला ऑपरेटर हाय, फर्स्ट शिफ्ट मारून आल्याला. बोलने का हक बनता है.

अनुपमा : बरं, ऐका. ती फोन करायला जाते, तर रेंज नाही.

मुक्ताबाई : घरात न्हाईच रेंज. बोलायचं म्हणलं की चिंचेखाली जावं लागतंय. तुझी आई एवढी माझी सख्खी भन, पण तिला वाटतंय मी मुद्दाम फोन उचलत न्हाई.

अनुपमा : मग तिला खिडकीत एक माणूस दिसतो. तोंड बांधलेलं. फक्त डोळे.

मुक्ताबाई : उनाचं सगळीच तोंड बांधून फिरत्यात की गं. परवा राजश्री आली हुती गाडीवर. रुमाल सोडस्तवर मला कळलं न्हाई, आपलीच पुतणी हाय म्हणून.

सतीश : आन् माझा चाकू?

मुक्ताबाई : कसला चाकू? मघाशी कांदा चिरताना बघितला की मी. त्यानं कांदाबी चिरंना.

अनुपमा : हसा, दोघंही हसा! उद्या सकाळी पुण्याहून कॅमेरा येतोय. घरात घुसलेल्या माणसाची फिल्म करायला निघालेय आणि ज्या घरात करायची, तिथं कुणालाच भीती वाटत नाहीये.

मुक्ताबाई : मी न्हाई भीत, त्याला मी काय करू? विनोदलाबी तेच सांगती. माझं मालक, आप्पा, गेल्यापास्नं पोरगं पाठी लागलंय. आई, वस्तीवर एकटी नको ऱ्हाऊ, पुण्याला चल, फ्लॅटला वॉचमन हाय. बिबट्यानं कुत्रं नेलं तवापास्नं तर रोजचंच. म्हणलं, मला काय धाड भरलीय?

अनुपमा : खरं सांग, कधीच भीती वाटत नाही?

मुक्ताबाई : वाटली की दारात बघती. आप्पांच्या चपला हायेत.

अनुपमा : म्हणजे, त्या आठवण म्हणून नाहीत ठेवलेल्या?

मुक्ताबाई : आठवण हायेच की. पण दारात गड्याच्या चपला असल्या म्हंजी येणारा बिचकून असतो. घरात माणूस हाय, असं वाटतंय त्याला. म्हणून तर तुला पहिल्यांदाच बजावलं, घर घे, भांडी घे, मलाबी घे पिक्चरमदी, पण त्या चपलांना हात लावायचा न्हाई. विनोदला सांगून ठेवलंय मी, ज्या दिवशी ह्या चपलांनी भागंना असं वाटंल, त्या दिवशी गुमान येईन तुझ्या फ्लॅटला.

अनुपमा : मावशी, स्क्रिप्ट ठेवू बाजूला. मला एक सांग, तुझ्या घरी परका माणूस खरंच येतो कसा?

मुक्ताबाई : कसा म्हंजी? दारातनं.

सतीश : पाणी मागून.

अनुपमा : काय?

सतीश : वस्तीवर कोणबी येऊ द्या मॅडम. सेल्समन, गाडी पंक्चर झाल्याला, मेंढरंवाला. पहिला डायलॉग एकच, पाणी मिळंल का. आन् काकी नाव इचारायच्या आत तांब्या पुढं करणार.

मुक्ताबाई : मग काय आधार कार्ड बघू व्हय? आधी पाणी, मग कोण कुठला. आमच्याकडं असंच हाय.

अनुपमा : म्हणजे दार फोडायचं कामच नाही! आणि मी मेली पानंच्या पानं दार फोडत बसलेय. सतीश, ऊठ. बाहेर जा आणि पाणी माग. रुमाल नको, चाकू नको.

सतीश : डायलॉग?

अनुपमा : सुचेल ते बोल, पण सावकाश. मावशी, तू रोजच्यासारखी वाग. मी मोबाईलवर घेते. चला.

सतीश : घरात हाय का कोण? जरा पाणी मिळंल का?

मुक्ताबाई : या की. बसा ओट्यावर. एवढ्या उनाचं कुठं निघाला?

सतीश : असंच. गार हाय पाणी. माठातलं?

मुक्ताबाई : माठातलंच. आनखी देऊ?

सतीश : नको. चांगलं हाय घर. लांब हाय जरा, पण चांगलं हाय. मालक कुठं गेल्यात?

मुक्ताबाई : रानात. येत्याल आता एवढ्यात.

सतीश : बिनचपलेचे?

मुक्ताबाई : आं?

सतीश : न्हाई, चपला हितं हायेत, म्हणून म्हणलं. जमीन लई तापलीय. आन् ह्या डाव्या चपलेत तर कोळ्यानं घर केलंय.

अनुपमा : कट! कट, कट! सतीश, घाबरवलंस मला. हे कधी ठरवलंस तू?

सतीश : आईशप्पत, ठरवलं न्हाई. तांब्या खाली ठेवायला वाकलो, तर म्होरं चपला. तोंडातनं निघून गेलं. काकी? ओ काकी, नाटक हुतं. असं काय बघताय?

मुक्ताबाई : तुला ते कोळ्याचं आत्ताच दिसलं?

सतीश : आत्ताच.

मुक्ताबाई : म्हंजी येणाऱ्या परत्येकाला दिसत असणार.

अनुपमा : मावशी, तू बस बघू आधी.

मुक्ताबाई : रोज ओटा झाडती मी. चपलांच्या कडंकडंनं झाडती. त्यांनी काढून ठेवल्या तशाच ऱ्हाव्यात म्हणून धूळबी पुसली न्हाई कवा. मला वाटायचं, राखण करत्यात. आन् त्याच सांगत हुत्या जगाला, ही बाई एकटी हाय म्हणून. आज पहिल्यांदा भ्याले बघ मी. माझ्याच ओट्यावर बसून भ्याले.

सतीश : माझं चुकलं काकी. जीभच लई चालती माझी.

मुक्ताबाई : तुझं काय चुकलंय? तू पाणी प्यालास.

अनुपमा : मी विनोददादाला यातलं काही सांगणार नाही.

मुक्ताबाई : तू न सांगून काय हुतंय? शब्द माझा हाय. चपलांनी भागंना म्हणल्यावर जावंच लागंल. ते ऱ्हाऊ दे आता. तुझ्या पिक्चरमधल्या बाईनं काय करायचं ते सांग. पाणी द्यायचं बंद करायचं?

अनुपमा : नाही गं. तिनं द्यायलाच हवं. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, देऊ नको बाई, देऊ नको, आणि तरी ती देणार. मी इतके दिवस चोर भयंकर करत बसले होते. पण या सतीशला कोण घाबरणार? आत्ता तासाभरापूर्वी इथंच बसून पोहे खाल्लेत त्यानं.

सतीश : दोनदा.

अनुपमा : तरी मी घाबरले. त्याच्यामुळं नाही मावशी. तुझा चेहरा उतरला, त्यानं.

मुक्ताबाई : मग शेवट काय?

अनुपमा : तेच तर माहीत नाही मला.

(बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज. मग पुरुषी हाक : "कोण हाय का घरात? प्यायला पाणी मिळंल का?")

सतीश : हा मी न्हाई.

अनुपमा : दिसतंय मला! कोण आहे? ओळखीचा आहे का?

सतीश : तोंड बांधलंय. गाडीबी हिकडची वाटंना. काकी, तुम्ही थांबा, मी बघतो.

मुक्ताबाई : तू बस. रोज काय तू असणार हाईस व्हय हितं?

अनुपमा : मावशी, नको ना. पाणी संपलंय म्हणून सांगू आपण.

मुक्ताबाई : माठ भरल्याला असताना? तांब्या दे हिकडं. आन् सतीश, ती डावी चप्पल झटक. नीट झटक. कोळ्याला म्हणावं, दुसरं घर बघ.

सतीश : आप्पांच्या घालताय? लई मोठ्या हुत्यात काकी, पडशाल.

मुक्ताबाई : पडत न्हाई. आले रे बाबा, आले!

अनुपमा : सतीश, दिसतंय का तिथून? काय चाललंय?

सतीश : पितोय. काकी परत भरून देत्यात. आता हात करून कायतरी इचारतोय.

अनुपमा : आणि ती?

सतीश : छातीवर हात ठिवून कायतरी सांगत्यात. मॅडम, मोबाईल चालू हाय का?

अनुपमा : बंद केला. हे नाही घ्यायचं. ही नुसतं पाणी देतेय, आणि मी इथं दाराआड लपलेय बघ.

सतीश : गेला. गेला बघा, वळला रस्त्याला. काकी याय लागल्या.

अनुपमा : मावशी! कोण होता?

मुक्ताबाई : इचारलंच न्हाई. लई तहानला हुता.

सतीश : हात करून काय इचारत हुता?

मुक्ताबाई : मालक कुठं हायेत म्हणला.

अनुपमा : मग तू काय सांगितलंस?

मुक्ताबाई : म्हणलं, बोला, मीच हाय.

अनुपमा : आणि विनोददादाला काय सांगायचं?

मुक्ताबाई : ते मी बघती, चिंचेखाली जाऊन. तू उद्या ह्या चपला घे तुझ्या पिक्चरमदी. फक्त दुपारनंतर घे. सकाळी मला त्या घालून रानात जायचंय.